रेझिस्टन्स: मीटरने मोजायचा की भागाकाराने काढायचा?

१०० वॉटचा जुना, फिलामेंटचा बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर लावला, तर आकडा येतो ४० ओहमच्या आसपास. तोच बल्ब २३० व्होल्टवर पेटवून करंट मोजला तर ०.४३५ अँपिअर, २३० भागिले ०.४३५ म्हणजे साधारण ५२९ ओहम. तेरापट फरक! मीटर खोटं बोलत नाही. टंगस्टनची तार थंड असताना वेगळी आणि अडीच हजार अंशांच्या आसपास तापल्यावर वेगळी, इतकंच. बटण दाबताक्षणी करंट पाच-सहा अँपिअरपर्यंत उसळू शकतो, म्हणून तर हे बल्ब बहुधा लावतानाच उडायचे.

पाणी तापवायच्या रॉडमध्ये नायक्रोमची तार असते. तिचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही. १००० वॉटच्या रॉडला मीटर लावा, ५३ ओहमच्या आसपास दिसेल. भागाकारही जवळपास तेच सांगतो. इथे मीटरच बरा: प्लग काढलेला, शॉकची भीती नाही, आणि आतली तार तुटली असेल तर तेही लगेच कळतं.

पॉवर हवी असेल तर मात्र चालू स्थितीतच मोजा. संध्याकाळी व्होल्टेज २०० वर उतरलं की हाच रॉड ३.७८ अँपिअर घेतो. २०० गुणिले ३.७८ म्हणजे ७५६ वॉट. मग पाणी लवकर कसं तापणार? करंट मोजायला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर) वापरत असाल तर त्यात एकच वायर धरा, दोन्ही धरल्या तर शून्य दिसेल. आणि पंख्याला, मोटारीला हा गुणाकार जसाच्या तसा लावू नका. तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो, म्हणजे व्होल्टेज आणि करंट एकाच तालात चालत नाहीत आणि खरी पॉवर गुणाकारापेक्षा कमी भरते.