गिऱ्हाईकवार चाचणी की जोड्यांचा नमुना?

एकच सॉफ्टवेअर पर्याय चालू-बंद करून निरनिराळ्या गिऱ्हाइकांना देत असाल, तर ते तपासायचं कसं, हा प्रश्न तुमच्यापुढे आलाच असेल. रत्नागिरीत आम्ही तिघं आंबा बागायतदारांसाठी हिशेबाचं ॲप करतो. डझनावर विक्री, कॅनिंगचा आंबा किलोवर, दलालाची पट्टी, हमाली, रेंज नसताना नोंद, असे एकूण दहा पर्याय. दोन्ही पद्धती वापरून झाल्यात, म्हणून लिहितो आहे.

पहिली पद्धत गिऱ्हाईकवार: ज्याने जे घेतलं तेवढंच तपासायचं. जुळण्या (कुठले पर्याय चालू, कुठले बंद याचे संच) तीन-चारच असतील आणि बदलणार नसतील, तर मी आजही हीच सुचवीन. त्या माणसाची खरी पावती पाठवण्याआधी डोळ्यांनी पाहिल्याचं समाधान दुसरीत नाही.

पण नवं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा नवी जुळणी, आणि आमच्याकडे ती सगळी ऐन सीझनमध्ये येतात. किलोवरची विक्री चौघांकडे व्यवस्थित चालली होती. रेंजशिवाय नोंद आणखी तिघांकडे. दोन्ही एकत्र कोणाकडेच नव्हतं. मे महिन्यात राजापूरकडच्या एका बागायतदारांनी दोन्ही घेतलं. बागेत रेंज नाही; संध्याकाळी घरी आल्यावर नोंदी वर चढायच्या, आणि ४२.६ किलोचे ४२ व्हायचे. नोंद फोनमध्ये साठवणारा भाग आम्ही नुसता डझनाचा हिशेब होता तेव्हा लिहिलेला, त्यामुळे तो पूर्णांकच धरायचा. कॅनिंगवाल्याच्या पावतीशी मेळ बसेना तेव्हा त्यांचा फोन आला: “अहो, माझे किलो जातात कुठे?” आमच्या यादीत दोन्ही पर्यायांपुढे ‘पास’ लिहिलेलं होतं. ते एकमेकांना पहिल्यांदा भेटले ते त्यांच्या बागेत. असं त्या सीझनला आणखी दोनदा झालं, आणि माझं मन या पद्धतीवरून उडालं.

दुसरी पद्धत पेअरवाइज, म्हणजे जोड्यांची. कुठलेही दोन पर्याय घ्या. दोन्ही चालू, दोन्ही बंद, एक चालू एक बंद, या चारही अवस्था कुठल्या ना कुठल्या नमुन्यात, म्हणजे तपासायला निवडलेल्या जुळणीत, यायलाच हव्यात. दहा स्वतंत्र पर्यायांच्या जुळण्या होतात १,०२४, पण त्यांच्या सगळ्या जोड्या अवघ्या सहा नमुन्यांत बसतात. आमच्या अटी घातल्यावर आठ झाले. मायक्रोसॉफ्टचं ‘पिक्ट’ हे मोफत साधन ही यादी काढून देतं. (पर्याय पाचच असतील तर या भानगडीत पडू नका, ३२ च्या ३२ जुळण्या चालवा.)

त्रास इथेही आहे. कुठला पर्याय कशाशिवाय चालत नाही हे आधी नीट लिहावं लागतं, आणि नमुन्यातला बागायतदार प्रत्यक्षात नसल्याने त्याचं बरोबर उत्तर आपल्यालाच मांडावं लागतं. आमचा आठवडा त्यात गेला. तीन पर्याय एकत्र आल्यावरच होणारी चूक यातून निसटू शकते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतले रिचर्ड कून आणि सहकारी यांनी २००४ मध्ये दाखवलं की त्यांनी पाहिलेल्या बहुतेक चुका एका किंवा दोन घटकांतून येतात, आणि सहाच्या पुढे एकही गेली नाही. म्हणून पैशाला थेट हात लावणाऱ्या पर्यायांचे आम्ही तीन-तीनचे गटही घेतो.

सगळ्या जुळण्यांचा कोड एकत्र धरून एकदाच विश्लेषण करण्याचीही एक वाट आहे. लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ‘टाइपशेफ’सारखी साधनं त्यातूनच आली. तिघांच्या ऑफिसला ते शिकणं मला तरी जड वाटलं.

सध्या प्रत्येक बदलानंतर रात्री आठ नमुने चालतात, आणि नव्या गिऱ्हाइकाची एक पावती तरी आम्ही हाताने तपासतो. यंदा चार नवी गिऱ्हाइकं आली, चौघांची जुळणी नवी होती, आणि दोन पर्यायांच्या भांडणाचा फोन एकही आला नाही. अनुभव अजून एकाच सीझनचा आहे.