संधिवात चिकित्सालयातील पहिली भेट: काय विचारले, काय तपासले

आईची बोटे सकाळी आखडतात, हे आमच्या घरात जवळजवळ पाच महिने सर्वांना ठाऊक होते आणि तरीही कोणी त्याला आजार मानले नव्हते. वय 58, थंडीचे दिवस, जन्मभराचे घरकाम, अशी कारणे तयारच होती. गावाकडच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या, युरिक ॲसिड तपासले आणि ते ठीक आल्यावर ‘वाताचा त्रास आहे’ असे सांगितले. एप्रिलमध्ये तिच्या हातातून सांडशीची पकड सुटून गरम पातेले ओट्यावर पडले, तेव्हा मात्र आम्ही पुण्यातील एका संधिवाततज्ज्ञांचे चिकित्सालय गाठले.

तेथील पहिली तपासणी हाच या चिकित्सालयाचा सर्वांत मोठा गुण आहे. डॉक्टरांनी अहवालांची फाईल बाजूला ठेवून प्रथम विचारले, “काकू, सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?” आईने तिच्या पद्धतीने उत्तर दिले, “आंघोळ होऊन देवपूजा उरकेपर्यंत.” मग उठण्याची आणि पूजेची वेळ विचारून त्यांनी कागदावर ‘दीड तास’ असे लिहिले. झिजेमुळे होणाऱ्या संधिवातात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो आणि वापराने दुखणे वाढते. आमवातात, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवातात, तो तासभर किंवा अधिक टिकतो, विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने कमी होतो, हा फरक त्यांनी आम्हाला घाई न करता समजावला. त्यानंतर त्यांनी बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांची ओळ दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली, तेव्हा आई कळवळली. दोन्ही हातांना सारखीच सूज होती, नखांजवळचे सांधे मात्र मोकळे होते. पायांविषयी विचारल्यावर ती म्हणाली, “अनवाणी चालले की खडीवर चालल्यासारखं वाटतं.” हे तिने आम्हाला कधीच सांगितले नव्हते, आणि याची खंत मला अजूनही वाटते.

मागच्या पावसाळ्यात ताप आला होता का, हेही त्यांनी आवर्जून विचारले, कारण चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळू शकते. आमवात ओळखण्यासाठी केल्या जाणाऱ्या दोन रक्तचाचण्यांपैकी रुमेटॉइड फॅक्टर नकारात्मक आला, परंतु अँटी-सीसीपी सकारात्मक आला. एक्स-रे जवळपास निर्दोष होता. सुरुवातीच्या काळात एक्स-रेमध्ये काही न दिसणे आणि एखादी रक्तचाचणी नकारात्मक येणे यावरून आमवात नाही असे ठरत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे आमचा गोंधळ झाला नाही.

औषध देण्याची पद्धतही वाखाणण्याजोगी आहे. मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून परिचारिकेने पाकिटावर लाल शाईने ‘फक्त रविवारी’ असे लिहिले आणि ते आईकडून मोठ्याने वाचून घेतले. रक्तपेशी व यकृताच्या तपासण्यांच्या तारखाही तिथेच लिहून मिळाल्या.

त्रुटी सांगणे आवश्यक आहे. वेळ घेऊनही आम्हाला दोन तास थांबावे लागले, आणि गुडघ्यांच्या रुग्णांसाठी असलेल्या प्रतीक्षागृहात बुटक्या, हात नसलेल्या खुर्च्या असाव्यात, हे मला अजिबात पटले नाही. भिंतीवरील माहितीफलक मराठीत आणि स्पष्ट आहे. परंतु एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप आला, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो व त्याच दिवशी रुग्णालयात जावे, ही सर्वांत तातडीची सूचना तळाशी बारीक अक्षरांत आहे. ती सर्वांत वर हवी, असे मी स्वागतकक्षात लेखी कळवले आहे.

तीन महिन्यांनंतर आईचा सकाळचा ताठरपणा वीस मिनिटांवर आला आहे. तेथे जाणाऱ्यांनी सूज असेल त्या दिवशी दोन्ही हातांची छायाचित्रे काढून ठेवावीत; भेटीच्या दिवशी ती ओसरलेली असू शकते आणि डॉक्टर अशी छायाचित्रे लक्षपूर्वक पाहतात.