जुन्या इमारती सामानाची वखार : परसबागेच्या दृष्टीने

वर्धा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर मोडलेल्या घरांचे सामान विकणारी एक वखार आहे. वेलींचा मांडव आणि रोपांसाठी लहानशी शेड उभारण्यास लागणारे जवळपास सर्व सामान मी तेथून घेतले. माल घेण्यासाठी तेथे अवश्य जावे. उभारणीचे काम मात्र त्यांच्याकडे सोपवू नये, असे माझे मत झाले आहे.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागातून घरकुल मंजूर झाले की, खेड्यातील मातीचे घर उतरवले जाते आणि त्याच्या मयाली (तुळया), फाटे (छपराचे वासे), चौकटी, गजांच्या खिडक्या व कवेलू (मातीची कौले) अशा वखारींत येऊन पडतात. हे सागवान पुरते वाळलेले असल्याने नव्या लाकडाइतके पिळत नाही, आणि भावही नव्या सागाच्या निम्म्याच्या आसपास पडतो. अडचण अशी की ढिगातील पक्के आणि कच्चे लाकूड एकाच दराने विकले जाते. सागाचा तपकिरी गाभा वर्षानुवर्षे टिकतो, तर सालीलगतचा पांढुरका भाग उधई (वाळवी) सहज पोखरते. म्हणून प्रत्येक फाट्याचे टोक पाहून, खिळ्याने टोचून आणि हातोडीने ठोकूनच निवड करावी. मी बाजूला काढलेली एक मयाल चुन्याच्या थराखाली धडधाकट दिसत होती, पण सांध्यावर हातोडी बसताच आतून ओंजळभर माती गळाली. वखारवाल्याने ती कुरकुर न करता बदलून दिली, हे नोंदवले पाहिजे.

दिसणारे खिळे तेथे उपटून देतात. डोकी तुटून आत राहिलेले मात्र तसेच असतात आणि असे लाकूड आरागिरणीवाला पात्याला लावत नाही. जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक प्रत्येक तुकड्यावरून फिरवणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

गजांच्या खिडक्या हा येथील सर्वांत उत्तम माल. त्या आडव्या-उभ्या जोडल्या की वालाच्या वेलाला आयता आधार मिळतो. रंगवलेल्या दारांबाबत मात्र सावध राहावे. घरगुती रंगातील शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या तैलरंगात शिसे असू शकते असे धरूनच चालावे, तो कोरडा घासू नये आणि अशा फळ्या भाजीच्या वाफ्याला लावू नयेत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे ‘वाफ्याच्या किनारीला घ्या’ म्हणून स्वस्तात पुढे केले जातात, ते मला अजिबात पटले नाही. त्यात बहुधा ॲसबेस्टॉस असते आणि फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. किनारीला देशी कवेलू पुरतात. वाहतुकीत फुटतात म्हणून थोडे जास्त घ्यावेत, इतकेच.

आता उभारणीविषयी. वखारीच्या मिस्त्रीने दीड फुटाचे खड्डे घेऊन खांब थेट काळ्या मातीत गाडले आणि तीच माती भोवती दाबली. पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी ही जमीन खांब एका जागी राहू देत नाही. दिवाळीपर्यंत मांडव एका अंगाला झुकला आणि शेडचे दार चौकटीत अडकू लागले. तक्रार केल्यावर ‘काळ्या मातीत असेच होते’ असे उत्तर मिळाले. ते खरेच आहे, पण मग ते काम सुरू करण्यापूर्वी सांगायला हवे होते! पुढे गावातल्या मिस्त्रीकडून काळा थर संपेपर्यंत खोदून, मुरूम भरून, पाणी मारून धुम्मस (ठोकून घट्ट दाबणे) करवून घेतली आणि त्यावर दगडी तळखडे बसवून खांब उभे केले. वावधानात मांडव उचलला जाऊ नये म्हणून प्रत्येक खांब लोखंडी सळईने तळखड्यात अडकवला व वर तिरपे आधार दिले. हे तळखडे त्याच वखारीच्या कोपऱ्यात गवतात पडलेले होते आणि जवळजवळ फुकटच मिळाले. खांब जमिनीत जात नसल्यामुळे त्यांच्या बुडाला ओल आणि उधई लागण्याचा धोकाही बराच कमी झाला.

पावतीवर ‘जुन्या घराचे लाकूड’ असे मापासह लिहून घ्यावे आणि सागवान दूर न्यायचे असल्यास वाहतूक परवान्याविषयी वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावे. घरे मुख्यतः उन्हाळ्यात उतरतात, त्यामुळे निवडीला खरा वाव अक्षय तृतीया ते मृग या काळात असतो. पोळ्यानंतर गेल्यास ढिगात बहुतेक पांढरे फाटेच शिल्लक असतात.