जैविकच्या नावाखाली केमिकल विकलं, बाटली घेताना नीट बघा

मिरचीवर मावा आणि फुलकिडे दोन्ही एकदम वाढले होते, शेंडे गोळा झालेले, पानांवर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी धरायला लागलेली. माल रेसिड्यू फ्री, म्हणजे केमिकल औषधाचा अंश नसलेला, द्यायचा ठरलेला त्यामुळे केमिकल मारायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा एकाने हे औषध गळ्यात मारलं, शंभर टक्के जैविक, सगळ्या रसशोषक किडी एका फवारणीत साफ, चोवीस तासात रिझल्ट. बाटलीवर पानाफुलांची चित्रं आणि घटक काय तर "वनस्पती अर्क", बस्स.

संध्याकाळी मारलं आणि सकाळी मावा खाली पडलेला. पण पानं उलटून बघितली तर लेडीबर्डच्या अळ्या पण मेलेल्या, त्या तर मावा खाणाऱ्या, आपल्याच बाजूच्या. आणि पुढे काही दिवस नवीन फुटीवर येऊन बसलेला मावासुद्धा मरत होता, जिथे फवाऱ्याचा थेंबही पोचला नव्हता. तिथेच शंका आली.

कारण साबणाचं पाणी किंवा तेल किडीला लगेच मारतं पण ज्याच्या अंगावर पडेल त्यालाच. जैविक औषधातल्या व्हर्टिसिलियम, बिव्हेरिया ह्या कीड मारणाऱ्या बुरशी आहेत, बीजाणू किडीच्या अंगावर रुजणार, आत शिरणार, मग कीड मरणार, ह्याला काही दिवस जातात आणि हवेत ओलावा लागतो, म्हणून तर संध्याकाळी मारायचं, कडक उन्हात बीजाणू मरतात. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन किडीचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, तेही रातोरात होत नाही. झाडाच्या रसातून फिरून नव्या पानावरची कीड मारायची म्हणजे आंतरप्रवाही केमिकलचंच काम दिसतंय राव.

रेसिड्यू टेस्टमध्ये इमिडाक्लोप्रिड निघालं, ते असंच आंतरप्रवाही केमिकल कीटकनाशक. माल रिजेक्ट. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे शेजाऱ्याच्या फवारणीचं उडून आलं असेल, नंतर फोन उचलणंच बंद.

तर घेताना बघा, बुरशीचं असेल तर लेबलवर तिचं नाव आणि एका ग्रॅममध्ये किंवा मिलीमध्ये किती सीएफयू (जिवंत, वाढू शकणारे बीजाणू) ते असतं, निंबोळीचं असेल तर अझाडिरॅक्टिन किती पीपीएम (दहा लाख भागात किती भाग), सोबत नोंदणी नंबर, बॅच आणि एक्सपायरी. बुरशीचं औषध खरं आहे का हे घरी पण थोडंफार कळतं, मेलेली कीड ओल्या कागदावर डबीत झाकून ठेवा, बुरशीने मेली असेल तर साधारण दोनचार दिवसात अंगावर पांढरी लव येते. आधी थोड्या झाडांवर मारून बघा, आणि मित्रकिडी पण पटापट मरायला लागल्या तर तिथेच थांबा. पक्कं बिल मागून घ्या बॅच नंबरसकट, मला जो कागद दिला त्यावर नुसतं "औषध" लिहिलंय आणि तक्रार त्यामुळेच अडकलीये.