परसातला फणस, भट्टीतला साग की जुन्या घराचे वासे?

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्याला गोव्यात लाकूड तीन वाटांनी मिळतं: पाडलेल्या झाडाच्या ओल्या फळ्या, वखारीतला भट्टीत सुकवलेला साग, नाहीतर कौलारू घर मोडताना निघणारे वासे आणि तुळया. भाव वखारीत कळेलच. मला सांगायचंय ते पाऊस येऊन गेल्यावर या लाकडांचं काय होतं ते.

भट्टीचा साग सोपा वाटतो. आणताना ओलावा ८ ते १२ टक्के, लगेच रंधा मारा. पण लाकूड आजूबाजूच्या हवेइतकं ओलं होतंच, आणि इथली जुलैची हवा उघड्यावरच्या फळीला १७-१८ टक्क्यांवर नेते. मी जूनमध्ये आणलेल्या फळ्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्या आणि गणेश चवथीच्या आधी त्यांचं कपाटाचं दार केलं. जानेवारीत दाराच्या चौकटीत बसवलेलं मधलं पान आकसलं आणि चौकटीच्या खाचेतून पॉलिश न लागलेली पांढुरकी कड बाहेर डोकावू लागली. सागासारख्या शांत लाकडातही फूटभर रुंदीला तीनेक मिलिमीटर फरक पडतो. लांबीत जवळपास काहीच नाही. म्हणजे भट्टीचे जास्तीचे पैसे मी पडवीत घालवले. बंद खोली, जमिनीपासून वीतभर वर आडवी रास आणि चार महिने प्लॅस्टिकचं आवरण, एवढी सोय असेल तरच हा साग घ्या.

ओल्या फणसाला वेळ लागतो, पण मला तोच आवडतो. परसातलं झाड असलं तरी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते, ती आधी काढा. झाड कापल्या दिवशीच फळ्यांच्या टोकांना मेण नाहीतर ऑइल पेंट फासा, उद्यावर ढकललंत तर टोकं तडकलीच. फळ्यांमध्ये दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, सगळ्या एकावर एक सरळ रेषेत. वर पत्रा, त्यावर वजन, बाजू उघड्या. इंच जाडीला एक वर्ष हा ठोकताळा. पावसाचे महिने त्यात फार काही सुकत नाही, म्हणून रास ऑक्टोबरात लावावी. कडेच्या पांढरट लाकडात भुंगा शिरून पीठ पाडतो, त्यावर बोरॅक्स-बोरिकचं पाणी मारतात. मी तो भाग सरळ कापून टाकतो. ऐन, म्हणजे आपली माट्टी, मात्र घरी सुकवायच्या भानगडीत पहिल्यांदाच पडू नका. सुकताना चिरते आणि पीळही घेते.

जुन्या वाशांबद्दल एक समज आहे की ते आता हलायचे नाहीत. पावसात तेही फुगतात. शिवाय जाड तुळई चिरली की आतला ताण सुटून फळी वाकते, म्हणून चिरून दोन-तीन आठवडे राहू द्या, मगच नेमक्या मापाला आणा. भिंतीत गाडलेलं टोक ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर वाळवी. आणि करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, मोडलेले खिळे वरून दिसत नाहीत.

खण-कपाट करायचं असेल, बंद खोली असेल, तर भट्टीचा साग. बाक, फडताळ किंवा माटोळीची (चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) चौकट वर्षभराने हवी असेल तर फणस. ओलावा मोजायचं यंत्र नसलं तरी अडत नाही. राशीतली एक फळी दर महिन्याला काट्यावर ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये वजन उतरायचं थांबलं की उन्हाळ्याच्या हवेत जेवढी सुकायची तेवढी ती सुकली. तेव्हाच ती उचलून घरात आणा, जूनची वाट पाहू नका.