कांगारू केअरचा पट्टा: १७ तास अंगावर टिकतो का?

'केएमसी (कांगारू मदर केअर) पट्टा', 'कांगारू रॅप', 'बाइंडर', नाव काहीही असो, मुळात हे एक कापड आहे. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असं, उभं बांधून ठेवायचं कापड. ते पारखायचं कशावर? वरच्या हत्ती-ससे छापलेल्या नक्षीवर तर नाहीच. आम्ही एकच माप लावलं: १६.९ तास.

हा आकडा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२१ साली आलेल्या चाचणीतला आहे. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतल्या पाच रुग्णालयांत ती झाली. आपल्याकडचं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. बाळं ३,२११, वजन १ किलो ते १,७९९ ग्रॅम. एका गटात बाळाची प्रकृती स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू केअर सुरू केली. दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीने आधी काचेची पेटी किंवा वॉर्मर (ऊब देणारं यंत्र), मग आई. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. पहिल्या गटातलं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असताना दिवसाला साधारण १६.९ तास छातीवर होतं, दुसऱ्या गटातलं दीड तास.

म्हणजे पट्ट्याची परीक्षा सरळ आहे. तो बांधून आईला जेवता येतं का, बाळ न उतरवता दूध पाजता येतं का, मागे टेकून झोपता येतं का? तासाभरात आई कंटाळून काढून ठेवत असेल, तर कापड कितीही मऊ असो, उपयोग नाही.

होजियरीच्या कापडाचा, नळीसारखा शिवलेला पट्टा या परीक्षेत सगळ्यांत वर येतो. सुती कापडात थोडं लायक्रा (ताणणारा धागा) असलेला घ्यावा. तो आधी कमरेपर्यंत चढवायचा, बाळ छातीवर ठेवायचं आणि एका हाताने बाळाची मान-पाठ धरून दुसऱ्या हाताने पट्टा वर ओढायचा. गाठ नाही, बक्कल नाही, दाब सगळीकडे सारखा. दोष मापात आहे. गरोदरपणातल्या मापाने आधीच घेऊन ठेवलेला पट्टा बाळंतपणानंतर सैल पडतो, आणि सैल पट्ट्यात बाळ खाली सरकून गोळा होतं. शिवाय लायक्रा उकळत्या पाण्याने लवकर मरतं. घेतानाच ताणून सोडून पाहावा. लगेच मूळ मापाला येत नसेल तर तो महिनाभर पुरणार नाही.

वेल्क्रोचा पट्टा वॉर्डातल्या सिस्टरना आवडतो आणि त्याला कारण आहे: मिनिटभरात बांधून होतो, बाळ निळं पडलं किंवा श्वास थांबला तर एका झटक्यात उघडतो. पण वेल्क्रोत सुताचे धागे अडकतात, धुण्यागणिक पकड कमी होते, आणि टोकाची कडक कड बाळाच्या गालाला घासते. जोड आईच्या कुशीकडे असलेलाच घ्यावा. छातीच्या मधोमध जोड असलेला नको.

चार-पाच मीटरचा लांब रॅप सवयीच्या हाताला छान बसतो, चालता-फिरताना तर उत्तमच. सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी मात्र एकटीला तो गुंडाळता येत नाही, आणि टोकं वॉर्डच्या फरशीवर लोळतात ती वेगळीच.

बक्कलवाले कॅरिअर आणि कडीची झोळी या बाळांसाठी घेऊच नयेत. ती मोठ्या, मान धरू लागलेल्या बाळांसाठी आहेत. दीड किलोचं बाळ त्यात वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बाळ रडत नाही, चुपचाप पडून राहतं, म्हणून ते 'शांत झोपलंय' असं वाटतं. भीती तीच.

आणि फुकटचा पर्याय? आजीचं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा रुंद ओढणी, चौपदरी घडी घालून. नीट बांधलं तर होजियरीच्या पट्ट्याच्या जवळपास येतं. गाठ पाठीकडे बाजूला घ्यायची, टाक्यांवर किंवा मणक्यावर नको. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टर वर्ज्य. घाम धरतात आणि घसरतात.

पट्टा कुठलाही असो, बांधणी चुकली की सगळं चुकलं. बाळाच्या अंगात फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे. झबलं घालून वर पट्टा बांधणं ही सर्रास होणारी चूक. मग त्वचेला त्वचा लागतच नाही. बाळ दोन्ही स्तनांच्या मधे उभं, पाय बेडकासारखे फाकून दुमडलेले, हात कोपरात वाकलेले. डोकं एका बाजूला वळवून किंचित वर उचललेलं, मान ना पुढे झुकलेली ना मागे कललेली. पट्ट्याची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली यावी. घट्टपणा बाळाच्या छाती-पाठीवर, पोटावर नाही. कमी दिवसांची बाळं पोटाने श्वास घेतात, तिथे जागा हवीच. आईने सपाट न झोपता उशा लावून अर्धवट टेकून राहावं. एकदा घेतलं की निदान तासभर तरी उतरवू नये. सारखं काढ-घाल केल्याने बाळ दमतं आणि गार पडतं.

काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. पाय गार लागले, २० सेकंदांहून जास्त श्वास थांबला, ओठ निळसर झाले, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा बाळ दूध घेईना, तर पट्टा उघडून ताबडतोब डॉक्टरांना दाखवावं.

विक्रेते 'जीव वाचवणारा पट्टा' असं बेधडक छापतात. जीव वाचवते ती छाती आणि तिथे घालवलेले तास. वरच्या चाचणीत आयांना एनआयसीयूतच बाळाशेजारी पलंग दिला होता, हे डब्यावर कुणी लिहीत नाही. युगांडातल्या पाच रुग्णालयांत २,००० ग्रॅमपर्यंतच्या, प्रकृती अस्थिर असलेल्या बाळांवर झालेल्या चाचणीत पहिल्या सात दिवसांतल्या मृत्यूंत फरक दिसला नाही. उलट हरियाणात घरीच सुरू केलेल्या कांगारू केअरने (८,४०२ बाळं, १,५०० ते २,२५० ग्रॅम) पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि घरी पेटी नव्हती, वॉर्मर नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे.

खरेदी करताना दोन घ्या. एक ओला असताना दुसरा लागतो. कोमट पाणी, साधा साबण, कडक ऊन. सुवासिक कंडिशनर नको. बाबा, आजी, मावशी यांनाही बाळ अंगावर घेता येतं, पण आईच्या मापाचा नळीचा पट्टा बाबांना होत नाही. त्यांच्यासाठी वेल्क्रोचा घ्यावा किंवा लुगडं आहेच. बाळ अडीच किलोच्या आसपास आलं की स्वतःच वळवळ करून पाय बाहेर काढू लागतं. तेव्हा पट्टा धुऊन, नीट वाळवून शेजारच्या बाळंतिणीला द्यायला हरकत नाही, फक्त लायक्रा अजून ताण धरतं का ते आधी पाहावं.