वुल्फ आधी की बोव्हुआर?

स्त्रीवादातलं काहीतरी मुळातून वाचायचंय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी दोनच नावं सांगतो. इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फचं ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ (१९२९) आणि फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हुआरचं ‘द सेकंड सेक्स’ (१९४९). अमेरिकन बेटी फ्रीडनचं १९६३ सालचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ त्या मानाने जास्त गाजलं असेल, पण त्यात उपनगरातल्या शिकलेल्या गोऱ्या गृहिणीपलीकडच्या बायका फारशा येतच नाहीत. बेल हुक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीवादी लेखिकेने १९८४ साली त्यावर नेमकं बोट ठेवलं. फ्रीडन सावकाश वाचली तरी चालेल.

वाचनाच्या सुखाचाच प्रश्न असेल तर वुल्फ, यात वादच नाही. पुस्तक जेमतेम दीडशे पानांचं, केंब्रिजच्या मुलींच्या दोन कॉलेजांत १९२८ साली दिलेल्या व्याख्यानांवर बेतलेलं. निवेदिकेचा पाय कॉलेजच्या हिरवळीवर पडला म्हणून धावत येणारा रखवालदार. सोबत फेलो (कॉलेजचा सदस्य-अध्यापक) नाही, ओळखीचं पत्र नाही, म्हणून ग्रंथालयाच्या दारातूनच परत पाठवणारा म्हातारा. मग पुरुषांच्या कॉलेजातलं दुपारचं जेवण, तितर आणि वाइन. त्याच दिवशी रात्री मुलींच्या कॉलेजात पाणचट सूप, मांस-बटाटे आणि शेवटी सुकलेले आलुबुखार. पैसा कुठे मुरला आणि कुठे पोचलाच नाही, हे ती दोन ताटांत दाखवते. बोव्हुआरला असं लिहिता येत नाही, हे तिच्या बाजूचा असूनही मान्य करतो.

बाजू सांगून टाकलीच आता. तर माझं घोडं अडलं ते पाचशे पौंडांपाशी.

लिहिणाऱ्या बाईला स्वतःची खोली आणि वर्षाला ५०० पौंड हवेत, हे वाक्य पुस्तक न वाचलेल्यांनाही पाठ असतं. पण निवेदिकेला ते ५०० पौंड मिळतात कुठून? आत्याकडून. (की मावशी? इंग्रजीत कळत नाही, मी आत्या धरली.) ही आत्या मुंबईत हवा खायला घोड्यावरून निघाली, पडली आणि गेली. बस, एवढंच. पहिल्यांदा वाचताना मी हसलो. दुसऱ्यांदा मात्र तिथेच थांबलो. आत्या मुंबईत काय करत होती, तो पैसा कुणाच्या जिवावर उभा राहिला, याबद्दल अवाक्षर नाही. आणि जिला अशी आत्याच नाही तिने काय करायचं? त्याआधीची पाकिटांवर पत्ते लिहिण्याची, कागदी फुलं करण्याची कामं वुल्फ सांगते. शेवटी कमावत्या बायकांची आठवणही करून देते. अन्याय करायचा नाहीये मला. पण दार उघडलं ते वारशाने, ही सल माझ्या मनातून काही गेली नाही.

बोव्हुआरकडे आत्या नव्हती. वडिलांचा पैसा बुडालेला, हुंड्याची सोय नाही, म्हणून शिकून नोकरी करणं भाग. वुल्फचं पुस्तक आलं त्याच वर्षी ती एकविसाव्या वर्षी तत्त्वज्ञानाच्या आग्रेगासियाँ या शिक्षकांच्या स्पर्धा परीक्षेत दुसरी आली (पहिला आला तत्त्वज्ञ सार्त्र) आणि मग मास्तरकी करू लागली. म्हणून असेल कदाचित, पगार हातात आला की सुटलो असं तिला वाटत नाही. काम करायलाच हवं, असं ती बजावते, आणि लगेच रेनॉच्या मोटार कारखान्यातल्या बायकांचा दाखला देते: त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, यापेक्षा घरी बसणं बरं. कारण कारखान्यातली पाळी संपली की घरी कामाची दुसरी पाळी वाट पाहत असते. घरकामाला ती सिसिफसच्या शिक्षेची उपमा देते; ग्रीक पुराणातला हा सिसिफस धोंडा डोंगरावर ढकलत नेतो आणि तो दर वेळी खाली घरंगळतो. आज घासलेली भांडी, झटकलेली धूळ, शिवलेले कपडे उद्या पुन्हा तसेच. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि मोरीत साचलेली भांडी घासायला उठलो. वुल्फने मला असं कधी उठवलं नव्हतं.

बोव्हुआरचा जाच आहेच. सुरुवातीला किडे-मासे-सस्तन प्राण्यांचं जीवशास्त्र, मग मनोविश्लेषण, मग इतिहास. मी पहिल्या खेपेला तिथेच पुस्तक टाकलं होतं. बाई जन्मत नाही, घडते, हे सगळीकडे छापलं जाणारं वाक्य दुसऱ्या भागाच्या आरंभी येतं. प्रस्तावना वाचून सरळ तिथेच उडी मारा. पहिल्या भागाकडे नंतर वळता येतं.

हाताशी दोनच मोकळ्या संध्याकाळी असतील तर अर्थातच वुल्फ घ्या, पस्तावणार नाही. अडीच-तीन महिने रोज दहा पानं जमणार असतील, तर मी बोव्हुआर सुचवेन. फक्त इंग्रजी घेणार असाल तर १९५३ सालचा पार्श्ली यांचा अनुवाद टाळा. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, आणि मूळ मजकुराला त्यात बरीच कात्री लागली आहे. पूर्ण अनुवाद २००९ साली आला. माझ्याकडे नेमका जुनाच होता, आणि ते मला पुस्तक संपल्यावर कळलं.